व्यापारबंदीचे शस्त्र : अमेरिकेच्या परराष्ट्रनीतीतील एक जुने सूत्र

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या परराष्ट्रनीतीचा इतिहास बहुधा तह, युद्धे आणि अध्यक्षांची भाषणे यांच्या आधारे लिहिला जातो. व्यापारी वाचकाने तोच इतिहास हाती घेतला, तर त्याला त्यात एक निराळा धागा दिसू लागतो. दुसऱ्या राष्ट्राला वाकवायचे असेल तर सैन्य पाठविण्यापूर्वी त्याच्याशी चालणारी देवघेव थांबवावी, हा विचार त्या देशाने इतक्या वेळा अमलात आणला आहे की तो त्याच्या नीतीचा स्वभावच म्हणावा लागेल. या शस्त्राने काय साधले आणि त्याची किंमत प्रत्यक्षात कोणी मोजली, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतला आहे.

हे शस्त्र त्या राष्ट्राच्या जन्मापेक्षाही जुने आहे. १६ डिसेंबर १७७३ रोजी बॉस्टन बंदरात ईस्ट इंडिया कंपनीचा चहा समुद्रात फेकला गेला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. (तो चहा चीनचा होता, कंपनीचा म्हणून पुष्कळ लोक त्याला हिंदुस्थानचा समजतात. आपल्याकडे तेव्हा चहाचे मळे नव्हते.) परंतु त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट पुढच्या वर्षी घडली. फिलाडेल्फिया येथे जमलेल्या वसाहतींच्या प्रतिनिधींनी २० ऑक्टोबर १७७४ रोजी करार केला की १ डिसेंबरपासून इंग्लंडचा माल आणावयाचा नाही, आणि तेवढ्याने काम न झाल्यास १० सप्टेंबर १७७५ पासून आपला मालही तिकडे पाठवावयाचा नाही. आयात आधी थांबविली आणि निर्यातीला जवळजवळ एक वर्षाची सवड ठेवली, यात व्यापाऱ्याचा हिशेब स्पष्ट दिसतो. तमाखूचे पीक विकून घेण्यास तेवढा अवधी हवाच होता.

स्वातंत्र्य मिळाल्यावर जॉर्ज वॉशिंग्टनने १७९६ च्या निरोपाच्या लेखात सांगितले की परराष्ट्रांशी व्यापारसंबंध वाढवावेत, राजकीय गुंतवणूक मात्र शक्य तितकी कमी ठेवावी. त्या काळी युरोप युद्धात गुंतलेला होता आणि तटस्थ राष्ट्राच्या गलबतांना अपार काम मिळत होते. १७९४ च्या जे तहाने हिंदुस्थानातील इंग्रजी बंदरे अमेरिकन जहाजांना खुली झाली. सेलम या लहानशा गावाची जहाजे कलकत्त्यास आणि मद्रासेस येऊन सुती कापड नेऊ लागली. कलकत्त्याचे रामदुलाल दे हे या अमेरिकन व्यापाऱ्यांचे विश्वासू दलाल होते. त्यांच्या सचोटीवर हे परदेशी लोक इतके संतुष्ट होते की १८०१ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनचे एक तैलचित्र त्यांना भेट दिले आणि एका जहाजाला त्यांचे नावही दिले.

ही भरभराट १८०७ मध्ये संकटात आली. नेपोलियनने इंग्लंडशी व्यापार करणाऱ्या सर्वांचा माल जप्त करण्याचे ठरविले होते. इंग्लंडने उलट हुकूम काढला की फ्रान्सकडे जाणाऱ्या प्रत्येक तटस्थ जहाजाने आधी इंग्रजी बंदरात येऊन परवाना घ्यावा. म्हणजे एकाचे ऐकावे तर दुसरा पकडणार! त्यातच इंग्रज आरमार अमेरिकन खलाशांना बळजबरीने उचलून नेत असे. जून १८०७ मध्ये तर एका इंग्रज युद्धनौकेने अमेरिकेच्या सरकारी युद्धनौकेवर तोफा डागून तिच्यावरून माणसे काढून नेली. देश संतापला. युद्ध करावे तर आरमार नाही. अध्यक्ष जेफर्सनने तेव्हा जो मार्ग काढला तो पुढील सर्व इतिहासाचा नमुना ठरला. २२ डिसेंबर १८०७ च्या कायद्याने त्याने दुसऱ्याचा व्यापार न रोखता आपल्याच जहाजांना परदेशी जाण्याची बंदी केली. आपल्या धान्यावाचून, कापसावाचून आणि बाजारपेठेवाचून इंग्लंड व फ्रान्स फार काळ तग धरणार नाहीत, असा त्याचा अंदाज होता.

कायद्याची बातमी बंदरांत पोहोचताच कित्येक जहाजमालकांनी अर्ध्या भारानेच नांगर उचलले आणि सरकारी हुकूम हाती पडण्यापूर्वी समुद्र गाठला. जी मागे राहिली ती वर्षभर धक्क्याला बांधून पडली. १८०७ मध्ये अमेरिकेची निर्यात सुमारे १० कोटी ८० लक्ष डॉलर होती; १८०८ मध्ये ती सुमारे २ कोटी २० लक्षांवर आली. पाचातला एकच हिस्सा उरला! किनाऱ्याकिनाऱ्याने मालाची ने-आण करणाऱ्यालाही जहाज आणि माल यांच्या दुप्पट किमतीचा जामीन द्यावा लागे. जानेवारी १८०९ मध्ये तो सहापट करण्यात आला. ज्याची सारी पुंजी एका गलबतात गुंतलेली, त्याने सहापट जामीन आणावा कोठून? खलाशी, सुतार, दोरखंड वळणारे, पिंपे बनविणारे असे हजारो लोक रिकामे झाले. जेफर्सनचा अर्थमंत्री आल्बर्ट गॅलॅटिन याने कायदा होण्यापूर्वीच लिहून कळविले होते की लोकांचे हाल, सरकारी उत्पन्न, शत्रूवर होणारा परिणाम, यांपैकी कोणत्याही दृष्टीने पाहिले तरी कायमच्या व्यापारबंदीपेक्षा आपण युद्ध पसंत करू. तो हिशेबी माणूस होता, आणि शेवटी त्याच्याच हाताने तो कायदा राबविला गेला.

बंदी आली की चोरवाट आलीच. शॅम्प्लेन सरोवरावरून लाकूड, राखेचा क्षार आणि धान्य रातोरात कॅनडात जाऊ लागले. हा क्षार तेथील गरीब शेतकऱ्याचे रोख पैशाचे एकमेव साधन होते; कायदा पाळावा तर घरात मीठ आणण्याचीही पंचाईत. म्हणून व्हर्मांटच्या लोकांनी सरकारी शिपायांवर गोळ्या झाडल्या, यात नवल नाही. थोरामोठ्यांची चोरवाट वेगळी होती. जॉन जेकब ॲस्टर या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याच्या जहाजाला १८०८ च्या उन्हाळ्यात खास परवानगी मिळाली, ती अशा कारणासाठी की एका प्रतिष्ठित चिनी गृहस्थाला स्वदेशी पोहोचविणे हे राष्ट्राच्या मैत्रीचे काम आहे. फिलाडेल्फियाच्या व्यापाऱ्यांनी ओरड केली की हा गृहस्थ कोणी मोठा सरदार नसून साधा माणूस आहे. जहाज गेले, चहा घेऊन परत आले, आणि बाजारात दुसऱ्या कोणाचाच चहा येत नसल्याने ॲस्टरला सुमारे २ लक्ष डॉलर नफा झाला असे म्हणतात. व्यापारबंदीत सर्वांत मोठा नफा परवान्याचा असतो, हे सूत्र त्या काळापासून चालत आलेले आहे.

आणि ज्यांना वाकवावयाचे ते? त्याच वर्षी स्पेन नेपोलियनविरुद्ध उठले आणि स्पेनच्या दक्षिण अमेरिकन वसाहती इंग्रज मालाला खुल्या झाल्या. इंग्लंडला नवा गिऱ्हाईक मिळाला. नेपोलियनने तर कळस केला. त्याने फ्रान्सच्या बंदरांतील अमेरिकन जहाजे जप्त केली आणि वर म्हटले की अमेरिकेने स्वतःच जहाजांना बंदी केली असल्यामुळे ही जहाजे खरी अमेरिकन असणे शक्य नाही. मी त्यांच्या कायद्यालाच मदत करीत आहे! मार्च १८०९ मध्ये, जेफर्सनची मुदत संपता संपता, हा कायदा रद्द झाला.

तरीही शस्त्र अगदीच बोथट होते असे म्हणता येत नाही, आणि येथे इतिहासाने एक क्रूर थट्टा केली आहे. पुढे सौम्य स्वरूपात बंदी चालूच राहिली. १८११-१२ पर्यंत बर्मिंगहॅम, लिव्हरपूल आदी शहरांतील कारखानदार व व्यापारी अमेरिकन बाजार गेल्यामुळे टेकीस आले आणि त्यांनी पार्लमेंटला गाऱ्हाणी घातली. जून १८१२ मध्ये इंग्लंडने ते हुकूम मागे घेतले. पण १८ जून रोजी अमेरिकेने युद्ध पुकारलेही होते. बातमी जहाजाने यावयाची, तिला आठवडे लागत. आज तारेच्याही पुढे गेलेल्या काळात ही गोष्ट अशक्य वाटते. त्या अडीच वर्षांच्या युद्धात इंग्रजांनी वॉशिंग्टन शहरातील अध्यक्षांचे निवासस्थान जाळले.

व्यापारबंदीचा खरा परिणाम कोणी योजिलेल्या जागी न होता भलत्याच जागी झाला. जहाजांत गुंतलेले बॉस्टनचे भांडवल रिकामे पडले होते. ते कापडगिरण्यांकडे वळले. फ्रान्सिस कॅबट लोवेल याने १८१३ मध्ये वॉल्थॅम येथे कंपनी काढून सूत कातणे व विणणे एका छपराखाली आणले. शांतता झाल्यावर या कोवळ्या धंद्याला स्पर्धा कोणाची? इंग्लंडची होतीच, पण जाड, स्वस्त कापडात मुख्य स्पर्धा हिंदुस्थानच्या हातमागाची होती. म्हणून १८१६ च्या जकातीच्या कायद्यात एक युक्ती घालण्यात आली. सुती कापडावर शेकडा २५ जकात. परंतु कापड कितीही स्वस्त असले तरी त्याची किंमत प्रत्येक चौरस वाराला किमान २५ सेंट आहे असे धरून हिशेब करावयाचा. म्हणजे जे कापड पाचसहा सेंटना येत असे, त्यालाही सव्वासहा सेंट जकात पडली. दिसावयास दर सर्वांना सारखा. प्रत्यक्षात दार बंद झाले ते आपल्या विणकराचे. जेफर्सन आणि नेपोलियन यांच्या तंट्याचा हा शेवट बंगालच्या मागावर येऊन पोहोचला, हे पाठ्यपुस्तकांत क्वचितच लिहिलेले असते.

यानंतर मन्रो यांची १८२३ ची घोषणा, जपानचे दार उघडणारी १८५३ ची पेरीची स्वारी, चीनसंबंधी १८९९ ची ‘खुल्या दरवाजा’ची नीती, हे टप्पे सर्वश्रुत आहेत, म्हणून त्यांवर येथे थांबत नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो १८६१ ते १८६५ या काळातील कापसाचा प्रसंग, कारण त्याचा जमाखर्च मुंबई, वऱ्हाड, खानदेश आणि धारवाड येथील वह्यांत लिहिला गेला.

गुलामांच्या कष्टावर चालणारी दक्षिणेकडील संस्थाने फुटून निघाली, तेव्हा त्यांच्या पुढाऱ्यांचा भरवसा कापसावर होता. इंग्लंडला लागणाऱ्या कापसापैकी तीनचतुर्थांशाहून अधिक कापूस त्यांच्याकडून जात असे. कापूस अडवून धरला की लँकेशायरच्या गिरण्या बंद पडतील आणि इंग्लंड निमूटपणे आपल्याला मान्यता देईल, असा त्यांचा तर्क. लिंकनने १९ एप्रिल १८६१ रोजी त्यांच्या बंदरांना वेढा जाहीर केला. पण पहिल्या वर्षी वेढा ढिला असतानाही दक्षिणेने कापूस आपण होऊनच रोखून धरला. हीच त्यांची चूक. आधीच्या दोन वर्षांची पिके भरघोस आली होती आणि लिव्हरपूलच्या वखारी भरलेल्या होत्या. ज्यांच्याजवळ साठा होता त्यांना तेजी हवीच होती. टंचाईची झळ लागेपर्यंत दक्षिणेचे सोने संपले आणि उत्तरेचे आरमार वाढले.

झळ लागली ती मजुरांना. १८६२ च्या अखेरीस लँकेशायरमध्ये सुमारे पाच लक्ष माणसे धर्मादाय मदतीवर जगत होती. तरी ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या सभेत कामकऱ्यांनी लिंकनला पाठिंब्याचे पत्र पाठविण्याचा ठराव केला: आमच्या गिरण्या बंद राहोत, पण गुलामी संपावी. व्यापारबंदीच्या साऱ्या इतिहासात, ज्याच्या पोटावर पाय पडला त्यानेच पाय देणाऱ्याचा पक्ष घेतला, असे हे दुर्मीळ उदाहरण आहे. या युद्धात इंग्लंडनेही तेच शस्त्र एकदा उगारले. १८६१ च्या अखेरीस एका इंग्रज टपालबोटीवरून दक्षिणेचे वकील उतरवून घेतले गेले, तेव्हा इंग्लंडने सोऱ्याची निर्यात थांबविली. तोफेची दारू सोऱ्याविना होत नाही आणि सोरा हिंदुस्थानचा. वॉशिंग्टनने वकील सोडून दिले.

इकडे मुंबईत रुईचे भाव अनेक पटींनी चढले. धारवाड भागात १८४० नंतर न्यू ऑर्लिन्सचे बी रुजविण्यात आले होते आणि ‘धारवाड-अमेरिकन’ या नावाने तो कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ओळखला जात होता. अमेरिकेचे बी कर्नाटकात वाढून अमेरिकेच्याच जागी उभे राहिले! धोलेरा, भडोच, हिंगणघाट, उमरावती, कुमठा या नावांना विलायतेत मान मिळाला. पण सत्य सांगावयाचे तर आपल्या लोकांनी त्या मानाची लाज राखली नाही. वजनासाठी गाठींत पाणी मारणे, सरकी व कचरा मिसळणे, हलकी रुई भारी रुईच्या नावाने विकणे, हे प्रकार इतके बोकाळले की १८६३ मध्ये मुंबई सरकारला कापसातील लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला. गिऱ्हाईक अडलेला असताना केलेला अप्रामाणिकपणा तो विसरत नाही. अमेरिकन कापूस पुन्हा येऊ लागताच लँकेशायर आपल्यापासून दूर गेले, त्याला धाग्याच्या आखूडपणाइतकेच हेही एक कारण होते.

आलेल्या पैशाचे काय झाले हे सर्वांस माहीत आहे. बँका, वित्तसंस्था, समुद्र बुजविण्याच्या कंपन्या, यांचे शेअर वायद्याने विकले जाऊ लागले. या खेळाचे सूत्रधार सुरतेच्या जैन घराण्यातील प्रेमचंद रायचंद. मुंबईतील मोठमोठे इंग्रज अधिकारी त्यांच्या शब्दावर व्यवहार करीत. ९ एप्रिल १८६५ रोजी दूर व्हर्जिनियातील एका खेड्यात जनरल लीने शरणागती पत्करली. बातमी आली आणि रुई कोसळली. १ जुलै १८६५ हा वायद्यांचा दिवस उजाडला तेव्हा देणेकरी असंख्य आणि देणारा कोणीच नाही अशी स्थिती झाली. बँक ऑफ बाँबे पुढे बुडाली. प्रेमचंदही बुडाले, पण त्यांनी मुंबई विद्यापीठाला दिलेल्या पैशातून उभा राहिलेला, मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर आजही उभा आहे. त्या तेजीत ज्याने वेळीच पैसा जमिनीत, गिरणीत किंवा दानात घातला त्याचेच काही शिल्लक राहिले. हातमागाच्या विणकराला मात्र चारही वर्षे महाग सुताखेरीज काही मिळाले नाही.

विसाव्या शतकात हे शस्त्र फार जड झाले, कारण अमेरिकेजवळ जे होते ते दुसऱ्याजवळ नव्हते. जपानला लागणाऱ्या तेलापैकी सुमारे शेकडा ८० अमेरिकेतून जात असे. चीनवरील आक्रमण थांबावे म्हणून ऑक्टोबर १९४० मध्ये मोडीचे लोखंड बंद झाले; जपानी सैन्य दक्षिण इंडोचीनमध्ये शिरताच २६ जुलै १९४१ रोजी जपानची अमेरिकेतील मालमत्ता गोठविण्यात आली आणि ऑगस्टपासून तेलही थांबले. टाक्यांत साठा किती दिवसांचा, यावर टोकियोत खल सुरू झाला. माघार घ्यावी की तेलाच्या विहिरी बळकावाव्यात, एवढेच पर्याय त्यांना दिसले. ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले. दुबळ्या राष्ट्राने केलेली बंदी हसण्यावारी जाते. बलाढ्याने केलेली बंदी समोरच्याला कोपऱ्यात ढकलते, आणि कोपऱ्यातला शत्रू काय करील हे सांगता येत नाही.

युद्धोत्तर काळात बंदीची दुसरी बाजू पुढे आली: देणे. मार्शल योजनेने चार वर्षांत पश्चिम युरोपला सुमारे १३०० कोटी डॉलरची मदत दिली. आपल्या वाट्याला आला तो १९५४ चा सार्वजनिक कायदा क्रमांक ४८०. अमेरिकेत गव्हाच्या कोठारांना जागा पुरत नव्हती आणि आपल्याजवळ डॉलर नव्हते. म्हणून गहू घ्यावा आणि रुपये येथेच अमेरिकेच्या खात्यात जमा करावेत, अशी व्यवस्था झाली. मे १९६० मध्ये अन्नमंत्री स. का. पाटील यांनी वॉशिंग्टन येथे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यासह चार वर्षांत १ कोटी ७० लक्ष टन धान्याच्या करारावर सही केली. रेशनच्या दुकानासमोर रांगेत उभे राहून तो तांबडा गहू आणलेली पिढी अद्याप आहे. या मदतीने लाखो माणसे जगली, हे उपकार नाकारण्याचे कारण नाही. पण १९६५ पासून, दोन वर्षे पावसाने दगा दिला असताना, अध्यक्ष जॉन्सन यांनी वर्षाचा करार बंद करून महिन्यामहिन्याच्या हिशेबाने जहाजे सोडण्यास प्रारंभ केला. शेतीधोरण बदलावे हा एक हेतू. व्हिएतनामविषयी दिल्लीने बोलू नये हा दुसरा. ज्याची उधारी महिन्याची असते त्याला दुकानदाराचे तोंड पाहून बोलावे लागते. त्या जमा झालेल्या रुपयांपैकी १६६४ कोटी १९७४ मध्ये अमेरिकेने आपल्याला सोडून दिले. पण तोवर आपण गव्हाची नवी बियाणी पेरून मोकळे झालो होतो.

त्याच १९७४ मध्ये शेजारच्या बांगलादेशात जे घडले ते व्यापाऱ्याने विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या नव्या देशाने क्यूबाला ४० लक्ष तागाची पोती विकली. साखर भरण्याचे बारदान. शस्त्र नव्हे, यंत्र नव्हे. परंतु क्यूबाशी व्यापार करणाऱ्याला सवलतीचे धान्य देऊ नये असे अमेरिकन कायद्यात कलम होते. बारदानाची निर्यात थांबविण्याचे वचन मिळेपर्यंत धान्य अडून राहिले. मग महापूर आला, भाव भडकले, आणि जहाजे पोहोचली तेव्हा दुष्काळाचा भर ओसरत आला होता. सरकारी आकड्यानुसारही पंचवीस हजारांहून अधिक माणसे मेली. इतर अंदाज कितीतरी मोठे आहेत. दुष्काळाला पूर, साठेबाजी, मजुरीची घसरण अशी कारणे अनेक होती. सारा दोष धान्य अडविणाऱ्यावर टाकणे न्याय्य होणार नाही. पण हिशेबाच्या एका बाजूला पोत्यांचा एक सौदा आणि दुसऱ्या बाजूला अडलेली धान्याची जहाजे, हा ताळेबंद कोणत्याही व्यापाऱ्याला अस्वस्थ करील.

पुढे शस्त्राची धार स्वतःच्याच शेतकऱ्याला लागू लागली. अफगाणिस्तानावरील आक्रमणाबद्दल अध्यक्ष कार्टर यांनी जानेवारी १९८० मध्ये रशियाला जाणारे १ कोटी ७० लक्ष टन धान्य रोखले. अर्जेंटिनाने ती गरज भागविली, आणि एप्रिल १९८१ मध्ये पुढच्या अध्यक्षाने बंदी उठविली. १९९८ च्या मे महिन्यात भारत व पाकिस्तान यांनी अणुचाचण्या केल्या तेव्हा दोघांवरही आर्थिक निर्बंध आले. परंतु पाकिस्तान हा अमेरिकन गव्हाचा मोठा गिऱ्हाईक होता. दोन महिन्यांच्या आत अमेरिकन सीनेटने ९८ विरुद्ध ० मतांनी धान्याच्या व्यवहाराला त्या निर्बंधांतून वगळले. इतके एकमत त्या सभागृहात क्वचित पाहावयास मिळते.

अलीकडच्या काळात बंदीची जागा जकातीने घेतली. रशियाचे तेल घेतल्याबद्दल दंड म्हणून २७ ऑगस्ट २०२५ पासून पुष्कळशा भारतीय मालावर एकूण शेकडा ५० जकात लावण्यात आली. हुकुमात एक सवलत होती. त्या तारखेपूर्वी जहाजावर चढलेला आणि १७ सप्टेंबरपूर्वी अमेरिकेत सोडवून घेतलेला माल जादा दंडातून मुक्त. त्या महिन्यात आपल्या बंदरांवर जी घाई उडाली, ती १८०७ च्या डिसेंबरात अर्ध्या भाराने बॉस्टन सोडणाऱ्या कप्तानांना लगेच ओळखू आली असती.